उसने तास

घोलवड स्टेशनात उतरून समुद्राकडे चालू लागलं की दोन्ही अंगांना चिकूच्या वाड्या लागतात. त्यातल्या एका इराणी कुटुंबाच्या वाडीवर एक गृहस्थ हिशेब लिहीत असत. आज मजूर किती आले, फळ किती उतरलं, त्यात मोठं किती नि बारीक किती, कोणत्या टेम्पोतून कुठल्या बाजारात गेलं, सगळं त्यांच्या वहीत असे. लोक त्यांना मेहताजी म्हणत.

त्यांची बायको गणित शिकवत असे. गावापासून आत, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक शाळा होती. तिला अकरावी-बारावीचे वर्ग जोडलेले होते. तिथं बाई तासिका तत्त्वावर होत्या. जेवढे तास शिकवावे तेवढ्याच तासांचे पैसे मिळत. दिवाळीच्या सुट्टीत मानधन नसे, मे महिन्यात नसे, पावसानं शाळा लवकर सुटली तर त्या दिवशीच्या उरलेल्या तासांचंही नसे. परीक्षा उरकल्या की नेमणूक संपे. पुढच्या जूनमध्ये नवा अर्ज, नवी ऑर्डर. असं बरीच वर्षं चाललं होतं. घर स्वतःचं होतं, मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली होती, दोघांच्या गरजा थोड्या होत्या. म्हणून ते चालून गेलं.

मेहताजींना रक्तदाब होता. गोळी घ्यायचे, बरं वाटलं की सोडायचे. एका हिवाळ्यात, वाडीत फळाचा जोर असताना, त्यांचे पाय सुजले. जेवण जाईना. चार पावलं चाललं की दम लागे. तपासण्या झाल्या. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास, आणि हे कायमचं.

डाव्या हाताच्या दोन रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केला. त्यावर बोट ठेवलं की आतली थरथर लागे. त्या हातानं ओझं उचलायचं नाही, त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही. पाणी मोजून प्यायचं. मीठ कमी. भाजी चिरून पाण्यात ठेवायची आणि ते पाणी टाकून द्यायचं. पोटॅशियम वाढतं म्हणून फळंही फार जपून. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वाडीवर पेढे वाटले ते मेहताजींनीच. आता पिकलेल्या फळाची एक फोड तोंडात टाकायची तरी ते आधी बायकोकडे बघत.

घोलवडहून जवळचं मोठं शहर म्हणजे वापी. उंबरगाव, संजाण, भिलाड, करंबेळी आणि वापी. पाऊण तासाच्या आत गाडी पोचवते. तिथल्या एका खाजगी रुग्णालयात डायलिसिस सुरू झालं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात हिशेब मांडला. त्यांच्या बारा तासांचं मानधन नवऱ्याच्या चार तासांत संपत होतं. बारा तास म्हणजे त्यांचे शाळेतले जवळजवळ तीन दिवस. आणि डायलिसिस आठवड्यातून तीनदा. हे गणित कुठल्याही रीतीनं सुटणारं नव्हतं. आधी बँकेतली ठेव मोडली, मग पाटल्या गेल्या, मग गळ्यातला सर गेला.

शेवटी गाडीतच एका बाईनं वाट दाखवली. ती आपल्या भावाला घेऊन जात असे. ती म्हणाली, "केशरी रेशनकार्ड आहे ना तुमचं? मग इकडं पैसे कशाला घालवता? योजनेतल्या रुग्णालयात जा. तिथं आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो, त्याला भेटा."

ती सांगत होती ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आधी तिला राजीव गांधींचं नाव होतं, २०१७ साली हे नाव मिळालं. पिवळं किंवा केशरी कार्ड असलेल्या घराला तेव्हा वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात मिळत, आणि डायलिसिसही त्यात बसत होतं. पण योजना महाराष्ट्राची आणि वापी गुजरातेत. घोलवडकरांना हद्द रोज ओलांडायची सवय आहे. भाजीला, कापडाला, नोकरीला ते पलीकडे जातात. सरकारी कागदाला मात्र ती ओलांडता येईना. त्यामुळे जवळचं सोडून लांबचं धरावं लागलं. पहाटे रिक्षानं डहाणू, तिथून लोकल, मग वाणगाव, बोईसर, पालघर, केळवे, सफाळे करत थेट विरार. तिथल्या एका रुग्णालयात कार्ड चाललं. फोटो काढला, अंगठा घेतला, मंजुरी आली. डायलिसिसला जाणाऱ्याला आणि सोबतच्या एकाला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते, तो कागदही झाला.

पैशाचा प्रश्न बराचसा सुटला. मग बाईंच्या लक्षात आलं की प्रश्न सुटला नव्हता, त्यानं फक्त रूप बदललं होतं. वापीला अर्धा दिवस जायचा. विरारला अख्खा दिवस जाऊ लागला. पहाटे पाचला निघायचं आणि संध्याकाळी परतायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आधी पैसे पुरत नव्हते, आता तास पुरेनात. आणि ज्यांचा तास हीच मजुरी, त्यांना हे दोन्ही एकच.

बाईंनी तीन दिवसांचे तास सोडले. उरलेल्या तीन दिवसांत मिळतील तेवढे घेतले. संध्याकाळी घरी शिकवण्या धरल्या. शाळेत कुणी विचारलं तर "ह्यांची तब्येत जरा बरी नसते" एवढंच सांगत. सहानुभूती त्यांना सोसत नसे. नात्यातले लोक येत, चहा घेत, उठताना पाचशेची नोट उशीखाली सरकवत. ते गेल्यावर त्या नोटेकडे बघताना बाईंचा जीव कोंडे. वाडीच्या मालकीणबाई, गाव त्यांना शेठाणी म्हणत असे, त्या एकदा काठी टेकत स्वतः आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, मुलं सगळी परदेशात. म्हणाल्या, "पोरी, किती लागतात ते सांग. मेहताजीनं माझ्या घरचा एक पैसा कधी इकडचा तिकडं केला नाही."

बाई म्हणाल्या, "नको. फेडू कशानं?"

शेठाणींनी खूप सांगून पाहिलं. बाईंनी ऐकलं नाही. शेठाणी जरा रागावूनच परत गेल्या.

वर्ष असं गेलं. जून आला. नव्या ऑर्डरी निघायच्या होत्या. शाळेत सांगण्यात आलं की गणिताला दुसरे एक उमेदवार आहेत आणि ते सहाही दिवस येऊ शकतात. बाईंना दमदाटी कुणी केली नाही. नुसती माहिती दिली. तो आठवडा त्यांनी सगळे दिवस शाळेत जायचं ठरवलं. मेहताजींना म्हणाल्या, "अहो, या आठवड्यात तुम्ही एकटे जाल का?"

"जातो की," मेहताजी म्हणाले.

ते गेले नाहीत. सोमवारी बाई निघून गेल्यावर ते स्टेशनापर्यंत चालत गेले, बाकावर बसले, गाड्या बघितल्या आणि घरी आले. सोबत नाही म्हणून भीती वाटली होती, हे खरं. पण मनात दुसराही एक हिशेब होता. रिक्षाचे पैसे वाचतील, बायकोला एक दिवस काळजी नाही, आणि आज तर बरं वाटतंय. आयुष्यभर दुसऱ्याच्या वाडीची बचत केलेला माणूस. बुधवारीही त्यांनी तेच केलं. संध्याकाळी बाईंनी विचारलं, "झालं ना नीट?" ते म्हणाले, "झालं."

गुरुवारी मध्यरात्री त्यांना आडवं होता येईना. उठून बसले तरी श्वास पुरेना. अंगात साठलेलं पाणी छातीत चढलं होतं. बाहेर पाऊस कोसळत होता. बाईंनी शेजारच्या रिक्षावाल्याचं दार ठोठावलं. त्यानं काही विचारलं नाही, लुंगीवरच रिक्षा काढली आणि अंधारातून वापी गाठली. मशीन लागलं. सकाळी मेहताजींना श्वास घेता येऊ लागला आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आल्या.

रिक्षावाला बाहेर थांबला होता. बाई पैसे देऊ लागल्या. त्यानं गॅसचे तेवढे घेतले. मग डोकं खाजवत म्हणाला, "बाई, एक बोलू? मी रोज पहाटे डहाणूला रिकामीच रिक्षा घेऊन जातो, लोकलच्या पॅसेंजरसाठी. तुम्ही तिकडं नाक्यावर उभ्या राहून दुसरी रिक्षा करता. मला वाटायचं माझी रिक्षा जुनी, म्हणून तुम्ही बसत नाही."

बाईंना काय बोलावं सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या शाळेत गेल्या तर अकरावीचा वर्ग अर्धा रिकामा. आवणीचे दिवस होते. भाताची रोपं राबातून काढून शेतात लावायची तर पाऊस धरून ठेवावा लागतो, शाळा धरून ठेवता येत नाही. पहिल्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर जवळ आली. पाड्यावरून चालत येणारी, हुशार पोर. म्हणाली, "बाई, उद्या मी पण नाही. आमची आवणी आहे."

"किती मजूर लावता?" बाईंनी सहज विचारलं.

"मजूर कशाला? पाड्यावरचीच येतात. उद्या आमच्या शेतात, परवा त्यांच्या."

"पैसे?"

"पैसे नाही. दिवसाला दिवस."

बाई गणिताच्या. त्यांनी लगेच पुढचा प्रश्न घातला. "अगं, पण सगळ्यांची शेतं सारखी नसतात. कुणाचं लहान, कुणाचं मोठं. लहान शेतवाल्याचं नुकसान नाही का होत?"

मुलगी हसली. तिला हा प्रश्न कधी पडला नसावा. "तेवढं कोण मोजतं, बाई? सगळ्यांचं लावून झालं म्हणजे झालं."

"आणि ज्याच्यानं वाकून लावणं होत नाही, तो?"

"आमच्या पलीकडं एक म्हातारी आहे. तिला वाकता येत नाही. ती बांधावर बसून सगळ्यांची लहान पोरं सांभाळते. तिचं शेत पण लावून होतं."

मुलगी गेली. बाई हजेरीपट घेऊन काही वेळ तिथंच बसल्या.

त्या रात्री त्यांनी कोरा कागद घेतला. इतके दिवस त्या रुपयांचा हिशेब मांडत होत्या, आज तासांचा मांडला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, आणि प्रत्येक दिवसाचे तुकडे. घर ते डहाणू. डहाणू ते विरार. मशीनचे चार तास. मग परतीचा प्रवास. मांडता मांडता त्यांना दिसलं की अख्खा दिवस कुणी द्यायची गरजच नव्हती. पहाटे मेहताजी ताजे असत, डहाणूहून लोकल सुटते म्हणून बसायला जागा मिळे. मशीनवर असताना सिस्टर असत. सोबत लागायची ती येताना, कारण डायलिसिस झालं की अंग गळून जाई, चक्कर येई. एवढा मोठा डोंगर कागदावर आला आणि त्याचे हातात मावतील असे तुकडे झाले.

पण तुकडे मागावे लागणार होते. बाईंना पाटल्या मोडताना जेवढं जड गेलं नव्हतं तेवढं हे गेलं.

सुरुवात शाळेपासून केली. शिक्षकखोलीत मराठीच्या एक बाई होत्या, कायम नोकरीतल्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, आपण कुठल्या मुलखात राहतो? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या १९४५ साली. आदिवासी पोरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पोरांच्या अंगणात नेली. पुढं कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तिथं गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. पोराला वेळ नाही तर शाळेनं वेळ बदलायची, हे इथंच शिकवलं गेलं. आणि आपण एक वेळापत्रक बदलू शकत नाही?"

त्यांनी आपले सकाळचे तास बाईंना दिले आणि बाईंचे दुपारचे घेतले. रसायनशास्त्राच्या सरांनीही दोन तास इकडचे तिकडे केले. त्यामुळे सोमवारी अकरापर्यंत बाईंचं शिकवणं संपू लागलं. त्या तिथून निघून, मेहताजींचं मशीन सुटायच्या सुमारास विरारला पोचत आणि त्यांना घेऊन येत. एका सहकाऱ्यानं मात्र स्पष्ट नाही सांगितलं. त्याची स्वतःची आई अंथरुणावर होती. बाईंनी मान हलवली. नाही ऐकूनही काही होत नाही, हेही त्या दिवशी कळलं.

बुधवारला त्यांचा एक जुना विद्यार्थी मिळाला. तो विरारजवळ एका कारखान्यात रात्रपाळीला होता, दिवस उजाडल्यावर मित्राच्या खोलीवर झोपून दुपारच्या लोकलनं घरी डहाणूला येत असे. "मी येतोच आहे त्या गाडीनं, सरांना घेऊन येईन," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीनं ते इतकं साधं होतं की बाईंनी दोनदा आभार मानले तेव्हा तो गोंधळला. पहाटेचा डहाणूपर्यंतचा प्रवास रिक्षावाल्याकडे लागला.

उरला शुक्रवार. बाई शेठाणींकडे गेल्या. शेठाणी अजून थोड्या फुगलेल्या होत्या. "आता पैसे पाहिजेत?" त्यांनी विचारलं.

"पैसे नकोत," बाई म्हणाल्या. "तुमचा टेम्पो गुरुवारी रात्री चिकू घेऊन वाशीला जातो. शुक्रवारी रिकामा परत येतो ना? विरार फाट्यावरून ह्यांना घेईल का?"

शेठाणी बघतच राहिल्या. मग मोठ्यानं हसल्या. "एवढंच? अरे, ते ड्रायव्हरच्या बाजूची सीट रिकामीच येते! वर्षभर रिकामी आली!"

मग राहिला मेहताजींचा प्रश्न. ते या सगळ्या काळात गप्प होते. आपल्यासाठी इतके लोक खोळंबतात याचं त्यांना ओझं झालं होतं. बाईंनी त्यांना बांधावरच्या म्हातारीची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, "तुझ्या गाडीच्या कर्जाचे हप्ते किती राहिले, ठाऊक आहे का?" त्याला ठाऊक नव्हतं. मेहताजींनी त्याचे सगळे कागद मागवले, ओटीवर बसून वेगळे केले आणि फाईल लावून दिली. एक हप्ता दोनदा कापला गेला होता, तो सापडला. हे गावात पसरायला वेळ लागला नाही. बचत गटाच्या बायका वह्या घेऊन येऊ लागल्या. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी ओटीवर माणसं दिसू लागली. पूर्वी तिथं आजारपणाची चौकशी करणारे येत, आता कामं घेऊन येऊ लागले. फरक मेहताजींच्या आवाजात ऐकू येई.

विरारला त्यांच्या शेजारच्या मशीनवर सफाळ्याचा एक मुलगा असे. एकोणीस वर्षांचा. आजारपणात त्याची दहावी राहून गेली होती. चार तास तो मोबाइलवर चित्रफिती बघत पडून राही. मेहताजींचा डावा हात मशीनला बांधलेला, उजवा मोकळा. त्यांनी एके दिवशी वर्तमानपत्राच्या कडेला एक उदाहरण लिहून त्याच्याकडे सरकवलं. मुलानं आधी लक्ष दिलं नाही. पुढच्या खेपेला त्यानं स्वतःच वही आणली. मेहताजींना बीजगणित जमेना तेव्हा ते रात्री घरी येऊन बायकोकडून समजून घेत आणि दुसऱ्या खेपेला त्या मुलाला शिकवत. बाईंच्या ध्यानात आलं की कित्येक महिन्यांनी ते दोघं औषध, रिपोर्ट आणि गाडीची वेळ सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलत आहेत. मुलानं सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून परीक्षेला बसला. गणितात सुटला. त्या दिवशी त्या वॉर्डात सिस्टरांनी पेढे वाटले. मेहताजींनी अर्धा खाल्ला.

हे सगळं सुरळीत चाललं असं कुणी समजू नये. एकदा ऐन पावसात रुळांवर पाणी आलं, लोकल थांबल्या आणि बाईंचा जुना विद्यार्थी मेहताजींना घेऊन पालघरच्या फलाटावर रात्री उशिरापर्यंत बसून राहिला. एका शेजाऱ्यानं मोठ्या हौसेनं एक दिवस अंगावर घेतला आणि दोन खेपांनंतर येणं बंद केलं, पुढे रस्त्यात तोंड चुकवू लागला. बाईंनीच त्याला एकदा गाठून चहाला बोलावलं. टेम्पो बिघडला तर शुक्रवार बाईंवर येई आणि त्या दिवशीचे तास बुडत. मेहताजी बरे झाले नाहीत. या आजारात तसं बरं होणं नसतं. ते जगत राहिले, काम करत राहिले, आणि बाईंची ऑर्डर दर जूनला निघत राहिली.

गोष्ट सांगता सांगता मला एक दिसतं ते सांगून टाकतो. मोठं संकट आलं की माणूस मोठ्या मदतीची वाट बघतो. ती सहसा येत नाही, आली तर घेताना मान खाली जाते. आणि आजूबाजूचे लोक लांब राहतात ते मन कोरडं असतं म्हणून नाही. आपल्या एका तासानं, रिकाम्या सीटनं यांचं काय होणार, असं त्यांना वाटतं. दोन्हीकडे संकोचच. बाईंना तासाची किंमत सगळ्यांपेक्षा चांगली ठाऊक होती, कारण त्यांना ती पैशात मिळत होती. पण तास उसना मागता येतो आणि उसना फेडता येतो, हे त्यांना एका सोळा वर्षांच्या मुलीनं शिकवलं, आणि तेही उद्या शाळेला येणार नाही हे सांगता सांगता. ज्याच्यासाठी सगळे धावतात त्यालाही धावण्याचा थोडा वाटा हवा असतो, हे मेहताजींना स्टेशनाच्या बाकावरून परत येताना कळलं असतं तर ती रात्र टळली असती. पण तेव्हा त्यांना तसा वाटा कुणी दिलाच नव्हता.

पुढे एका हिवाळ्यात शेठाणी न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, घरी आणलं. मुलं परदेशातून आली आणि सुट्टी संपल्यावर गेली. दिवसाला एक बाई, रात्रीला एक बाई, अशी पैसे देऊन सोय झाली होती. पण दुपारी चार ते सहा या वेळात दिवसाची बाई निघून जाई आणि रात्रीची आलेली नसे. बाईंना हे कळलं तशा त्या मंगळवारी शाळेतून थेट तिथं गेल्या. गुरुवारी पुन्हा गेल्या. संध्याकाळच्या शिकवणीची वेळ त्यांनी पुढे ढकलली.

तिसऱ्या खेपेला शेठाणींनी उशीला टेकून विचारलं, "किती द्यायचं तुला?"

"काही नाही."

"का बरं? तासाचे पैसे घेणारी बाई तू."

"तुमचा टेम्पो," बाई म्हणाल्या.

शेठाणी व्यापारी घरातल्या. त्यांनी सोबत आलेल्या मेहताजींकडे बघितलं. "किती शुक्रवार झाले?"

मेहताजींनी खिशातून छोटी वही काढली. ते सगळं लिहून ठेवत, शेठाणींना हे ठाऊक होतं. "त्रेचाळीस," ते म्हणाले. "त्यात दोनदा टेम्पो बिघडला होता, ते धरलेले नाहीत."

"त्रेचाळीस," शेठाणी म्हणाल्या. "मग तुझी अजून बरीच बाकी आहे, पोरी. मी काही एवढ्यात चालायला लागत नाही." आणि त्यांनी उशीखालून पत्त्यांचा जोड काढला, तिघांना वाटला, आणि मेहताजींना बजावलं की गुण तूच लिही, पण माझ्या बाजूनं लिही.